बारा पायांच्या घरात आणखी तीन

तीन कुत्री पुरेत, यावर आमच्या घरात पूर्ण एकमत होतं. सावजी पाच वर्षांचा, गावठी, नावासारखाच जहाल. तर्री आठ वर्षांची, तोंडावर पांढरी झालेली, घराची खरी मालकीण. आणि गोलू, चौतीस किलोंचा अर्धामुर्धा लॅब्रॅडॉर, ज्याला आपण चौतीस किलोंचे आहोत हे अजून कुणी सांगितलेलं नाही. रोज पहाटे साडेपाचला मी आणि माझे हे, तिघांना घेऊन नागपुरातल्या मानेवाड्याच्या पुढे लेआउटमध्ये चारेक किलोमीटर चालून येतो. संध्याकाळी अंगणात बॉलवरून दंगा. शेजारचे काका म्हणतात, तुमच्या घरी रोजच मारबतीची मिरवणूक निघते.

तर 10 नोव्हेंबर 2024, रविवार. दिवाळीच्या साफसफाईत निघालेल्या जुन्या चादरी द्यायला मी शहराबाहेरच्या भटक्या कुत्र्यांच्या एका शेल्टरवर गेले. फक्त चादरी द्यायला. तिथे एक तांबूस रंगाची कुत्री लांबून धावत आली. तिला थांबता आलं नाही, हनुवटी थेट माझ्या चपलेवर आदळली. उठली, शिंकली, शेपूट हलवायला लागली. डावा पुढचा पाय खांद्यापासून नव्हताच.

तिथल्या मुलीनं सांगितलं ते असं. वर्धा रोडवर गाडीनं उडवलं होतं. हाड मोडलं नव्हतं, पण खांद्याजवळच्या नसा तुटल्या होत्या. पाय लुळा होऊन रस्त्यावर घासत राहिला, जखमा झाल्या, त्यात किडे पडले. ऑगस्टमध्ये पाय काढावा लागला. अर्धा का नाही ठेवला, असं मी विचारलं. ती म्हणाली, अर्धा ठेवला की कुत्रं तो टेकवायला जातं आणि पुन्हा तिथेच जखमा होतात. म्हणून वरूनच काढतात.

मी "बिचारी" म्हणाले. ती मुलगी अगदी सहज म्हणाली, "ताई, बिचारी म्हणणारे खूप येतात. फॉर्म भरणारे नाही येत."

हे ऐकून मी फॉर्म भरला असं वाटत असेल, तर तसं नाही. मी घरी आले, स्वयंपाक केला, दहावीचे पेपर तपासले. रात्री अकरा वाजता फॉर्म भरला.

फॉर्म चांगला लांब होता. घर स्वतःचं की भाड्याचं, घरात कोण कोण, दिवसभर घरी कोण असतं, आधीच्या कुत्र्यांची लसीकरणाची कार्डं, नसबंदी झाली का, गावाला गेलात तर कोण बघणार, महिन्याला किती खर्च करू शकाल. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी सोसायटीबद्दलही एक रकाना होता. सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचनांमध्ये ते स्पष्ट आहे. त्यामुळे फ्लॅटमधल्यांनी या रकान्याला घाबरून माघार घेऊ नये.

14 तारखेला फोन आला आणि चाळीस मिनिटं चालला. त्यांना माझ्या पगाराशी फार देणंघेणं नव्हतं. काळजी होती ती आमच्या तिघांची. कोण कुठे जेवतं? हाडावरून भांडतात का? कधी रक्त निघालंय का? मी खरं ते सांगितलं. सावजीनं एकदा गोलूचा कान फाडला होता, दोन टाके पडले होते. म्हटलं, संपलं आता. तर पलीकडून उत्तर आलं, "आमची कधीच भांडत नाहीत असं लिहिणाऱ्यांचीच आम्हाला जास्त भीती वाटते."

मग विधानसभा आडवी आली. मला इलेक्शन ड्यूटी. 19 ला सकाळी साहित्य घ्यायचं, 20 ला मतदान, मशीन जमा करून घरी यायला रात्रीचे दोन. घरभेट 24 नोव्हेंबरवर गेली. शाळेत असणाऱ्यांनी असली कामं काढताना आधी ड्यूटीचं पत्र बघावं, एवढंच सांगते.

घरभेटीला दोन जण आले. कॉलेजातली वाटावीत अशी, पण नजर पक्की. फाटकाच्या खालची फट बघितली, बोटांनी मोजली. गच्चीचा जिना बघितला. मग त्यातली मुलगी हॉलमध्ये खाली बसली आणि तिनं तळहात फरशीवर ठेवून नुसता पुढे ढकलला. हात सरकत पार सोफ्याखाली गेला. चार वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या हौसेनं घातलेली चकचकीत टाइल. "ताई, ही फरशी तिच्यासाठी साबण आहे."

सासूबाई सोफ्यावर बसून सगळं ऐकत होत्या. त्या मूळच्या अकोटकडच्या. पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, "कायले आणतं वो हे तीन पायाचं? चार पायाचेच सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले." थोडा वेळ गप्प राहिल्या. मग, "तिपाईच म्हना मंग तिले." मला नाव अजिबात आवडलं नाही. तिच्या व्यंगावरून नाव ठेवणं मला बरं वाटेना. शेल्टरवर तिला राणी म्हणायचे, तेच ठेवायचं मी ठरवलं.

कामाची यादी मिळाली: फाटकाला खाली जाळी, गच्चीच्या जिन्याला दार, हॉल ते स्वयंपाकघर न घसरणारा रस्ता. जाळी आणि दार मिळून वेल्डरनं 3,800 घेतले. चटयांवर मी आधी पैसे वाया घालवले, ते ऐका. बाजारातून सुंदर जूटच्या चटया आणल्या, 1,600 रुपयांच्या. फरशीवर त्या चटयाच घसरायला लागल्या. कुत्र्याऐवजी सासूबाईच पडायच्या. शेवटी इतवारीतून खाली रबर असलेल्या जाड चटईचा रोल आणला, 2,340 रुपये, आणि कात्रीनं पट्टे कापून रस्ता केला. दिसायला घर रेल्वेच्या प्लॅटफॉर्मसारखं दिसतं. दिसू दे.

लसीची कार्डं तपासताना गोलूची रेबीजची लस सव्वा महिना उलटून गेल्याचं निघालं. माझीच चूक, कार्ड कपाटात आणि मी निर्धास्त. 3 डिसेंबरला ती दिली. चौथं आणायच्या आधी पहिल्या तिघांची कार्डं बघून घ्या. फॉर्म अडतो म्हणून नाही, नवीन कुत्रं काय घेऊन येईल ते आपल्याला माहीत नसतं म्हणून.

मग हमीपत्र. शेल्टरच्या नमुन्यावर "100 रुपयांच्या स्टँप पेपरवर" असं छापलेलं होतं. पण ऑक्टोबर 2024 मध्येच राज्यात शंभराच्या जागी पाचशे झाले होते आणि नमुना जुनाच होता. शंभराचा शोधत मी सिव्हिल लाइन्समध्ये गेले, तेही 17 डिसेंबरला, म्हणजे हिवाळी अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी. जिकडे जावं तिकडे बॅरिकेड आणि मोर्चे. गाडी लांब लावून चालत गेले. व्हेंडर हसला, "म्याडम, शंभराचा आता फोटोतच पाहा." पाचशेचा घेतला, टायपिंगचे 150. हमीपत्रात मुख्य तीन गोष्टी असतात. विकणार नाही, सोडून देणार नाही, आणि जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला न देता परत त्यांच्याकडेच आणून देणार. तिसरं कलम वाचताना मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. परतीची वाट आहे हे कळलं की पाऊल टाकायला सोपं जातं.

29 डिसेंबरला ती घरी आली. दत्तक घ्यायला पैसे लागले नाहीत, आम्ही खुशीनं तांदळाची दोन पोती दिली. लसीचं कार्ड, नसबंदीचा कागद, आणि त्याची खूण म्हणून कानाला खाच. वजन साडेचौदा किलो.

पहिले चौदा दिवस बाहेरच्या खोलीत. आधी तिथे भाडेकरू असायचे. तिची भांडी वेगळी, पोछा वेगळा, आणि त्या खोलीत जाताना चप्पल वेगळी. कुत्र्यांमधले डिस्टेंपरसारखे रोग लगेच दिसत नाहीत, दोन आठवडे वाट बघावी लागते. तिसऱ्या दिवशी रक्त तपासून घेतलं, 1,450 रुपये. गोचीडताप निघाला. नागपुरात रस्त्यावरच्या कुत्र्यांत हा फार. डॉक्सीसायक्लिन, 28 दिवस, जेवणानंतरच, वरून भरपूर पाणी. रिकाम्या पोटी दिली की उलटी ठरलेली, हे मी एकदा करून बघितलंय. दाराच्या फटीतून तिघांची नाकं दिवसभर फूं फूं. तिची चादर यांना आणि यांची चादर तिला, अशी वासाची देवाणघेवाण करत राहिलो.

12 जानेवारीला मुदत संपली, पण संक्रांत तोंडावर. आमच्याकडे संक्रांत म्हणजे गच्चीगच्चीवर डीजे आणि अंगणात नायलॉन मांजाचे गुंते. बंदी आहे, विकलाही जातो. एकच पुढचा पाय, आणि त्यात मांजा अडकला तर? 15 ला मी आणि ह्यांनी अंगण अक्षरशः बोटांनी चाचपून काढलं. मूठभर मांजा निघाला.

ओळखी घरात करून द्यायच्या नाहीत, एवढं तरी आधीच्या तिघांनी शिकवलेलं. लेआउटमधला एक रिकामा प्लॉट ठरवला, जो कुणाच्याच बापाचा नाही असं तिघांनाही वाटतं. एक जण तिला घेऊन पुढे, दुसरा एकाला घेऊन वीस फूट मागे, नुसतं चालायचं. मग अंतर कमी. 18 ला गोलू. 19 ला तर्री. सावजीला आणखी आठवडा, थेट 26 जानेवारीला.

तर्रीनं एकदा हुंगलं, एकदा गुरगुरली, विषय संपवला. अडचण झाली गोलूची. पुढचा एकच पाय असलेलं कुत्रं चालताना प्रत्येक पावलाला डोकं खाली घालतं. आता कुत्र्यांच्या भाषेत पुढून वाकणं म्हणजे "चल, खेळू". मला वाटतं, गोलूला ती दर सेकंदाला खेळायला बोलावतेय असंच वाटायचं. तो बिचारा दिवसभर उड्या मारून दमून जायचा.

सावजीची तऱ्हा वेगळी. तो खेळतो छातीनं. धावत येऊन छातीवर छाती आदळायची, ही त्याची दोस्ती. गोलूसमोर ते चालून जातं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी दुधाच्या पातेल्याकडे बघायला आत गेले, आणि तेवढ्यात. ती नेमकी चटईच्या पट्ट्याबाहेर, टाइलवर उभी होती. धडक बसली, पाय सरकला, तोंड फरशीवर. खालचा ओठ फाटला. फार नाही, टाका पडला नाही. पण फरशीवरचं ते रक्त पुसताना माझे हात थरथरत होते. त्या रात्री मी ह्यांना म्हणाले, हमीपत्रातलं तिसरं कलम काढा. हे काहीच बोलले नाहीत. उठून उरलेल्या रोलचे पट्टे कापत बसले.

दुसऱ्या दिवशी एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथे चाकांची गाडी बनवून घ्यायचा सल्ला मिळाला, बारा हजार, अर्धे आगाऊ. मी द्यायला तयारही होते. ह्यांनी हात धरला, आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवू म्हणाले. म्हणून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात गेलो. तिथे गेलात तर सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते. रांगेत आमच्यापुढे एक बोकड होता, त्यानं माझ्या फाइलचा कोपरा खाल्ला.

तिथल्या डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलंच नाही. म्हणाले, बाहेर व्हरांड्यात चालवून दाखवा. मी पट्टा धरून अगदी हळू, जपून चालवलं. ते म्हणाले, "आता पळवा." पळवलं. ती सुसाट. "दिसलं का?" नाही दिसलं. मग त्यांनी समजावलं. कुत्रं आपल्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर पेलतं. तिचा तो सगळा एका पायावर येतो. हळू चालताना प्रत्येक पावलाला तो भार थांबवून धरावा लागतो. वेगात असली की झोकावर निघून जाते. म्हणजे आम्ही महिनाभर दया म्हणून जे करत होतो, मुंगीच्या पावलानं फिरवणं, त्यानंच ती दमत होती. उभं राहणं तर आणखी कठीण. आणि मी दर दहा पावलांवर थांबून विचारायचे, "दमली का गं माझी बाय?"

गाडीची गरज नाही म्हणाले. त्यांनी सांगितलेलं बाकी सगळं स्वस्तातलं होतं. एक लांब फेरी नको, दहा-दहा मिनिटांच्या चार करा. नखं कापा, बोटांमधले केस कापा, पकड येते. जिना चढू द्या, उतरू देऊ नका, उतरताना सगळा भार पुढे येतो. गळ्यातला पट्टा काढा, ओढला की ती तोंडावर पडणार. छातीचा पट्टा घाला. आणि वजन. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत. जो पाय उरलाय त्याचं मनगट आयुष्यभर टिकवायचंय. मी खाली वाकून बघितलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की तिचा तो पाय उजवीकडे पडतच नव्हता. छातीच्या बरोबर मधोमध पडत होता. खुर्चीच्या चार पायांतला एक गेला तर खुर्ची पडते. हिनं उरलेला मधे आणून ठेवला होता. त्या दिवसापासून मी तिला तिपाई म्हणायला लागले. सासूबाईंना कळू दिलं नाही. त्यांना कळलंच.

छातीचा पट्टा 850 रुपयांचा आणला तर डावीकडून घसरून पोटाखाली यायला लागला. त्या बाजूला त्याला अडवायला काहीच नव्हतं. चौकातल्या मोच्यानं तिला समोर उभी करून माप घेतलं आणि मधून एक आडवी पट्टी शिवून दिली. 120 रुपये. आजपर्यंत तोच चाललाय.

तिच्यावर करण्यासारखं एवढंच होतं. उरलेलं सगळं काम बाकी तिघांवर होतं. सावजी आणि तिपाई घरात एकत्र मोकळे असतील तेव्हा कुणीतरी माणूस तिथे हजर पाहिजे, हा नियम. खेळ फक्त अंगणातल्या मातीवर. सावजी छाती काढून निघाला की "बस्स" म्हणायचं, थांबला की फुटाण्याएवढा पनीरचा तुकडा. पहिल्या दिवशी तो फक्त तीनदा थांबला. मार्चअखेर तो स्वतःच दोन फुटांवर ब्रेक मारून माझ्याकडे बघायला लागला. पनीरवाला खूष. जेवण चौघांचं चार कोपऱ्यांत. भांडण तिनंच सुरू केलं तरी मधे पडायचं नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. एकदा तिनं गोलूच्या ताटात तोंड घातलं, तो गुरगुरला, आणि मी गोलूलाच ओरडले. त्याचा चेहरा अजून आठवतो. तीन पायांची असली म्हणून चोरी माफ होत नाही. गोलूला तो न्याय मी दिला नव्हता.

एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे. फिरणं पहाटे साडेचार आणि रात्री साडेनऊनंतर. रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद ठेवून बघायची, आपल्याला सोसलं तरच न्यायचं. बाकीची कुत्री तापल्या डांबरावर पाय आलटून पालटून उचलतात. तिला पुढचा उचलून धरायची सोय नाही. कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या, कूलरसमोरची जागा तर्रीची होती, ती तिपाईनं पंधरा दिवसांत बळकावली. तर्री आता कूलरच्या मागे झोपते आणि सगळ्यांशी अबोला धरून असते.

वजन जूनमध्ये सोळाला पोचलं. कोण देतंय ते कळेना. एकदा दुपारी शाळेतून लवकर आले तर सासूबाई तुपाची पोळी कुस्करून भरवत होत्या. "तिले मेहनत पडते वो चालाले." बोलून उपयोग नव्हता. पोळीऐवजी काकडी आणि उकडलेला दुधी यावर तह झाला. सप्टेंबरात चौदा किलो दोनशे ग्रॅम.

मनपाची नोंदणी आणि रेबीजचा पुढचा डोस, दोन्हीच्या तारखा आता फ्रिजवर लावल्यात, चौघांच्या. पहिल्या सहा महिन्यांचा खर्च मी वहीत लिहिलाय. जाळी, चटया, तपासण्या, औषधं, स्टँप धरून साडेतेरा हजारांच्या आसपास. यात पनीर धरलेलं नाही.

गल्लीतल्या पोट्ट्यांना तिच्याकडून एकच गोष्ट हवी असते. "काकू, शेकहँड करते का?" मी नेहमी नाही म्हणायचे. तो एक पाय दिला तर पुढून टेकायला उरतं काय? एकदा तिनं माझ्या नकळत देऊन बघितला होता आणि नाक जमिनीवर आपटलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, संध्याकाळी पोट्टे लाकडाचे नंदी घेऊन बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायला आले. मी आत दहा-दहाच्या नोटा आणायला गेले. परत आले तर फाटकाजवळ ती सावजीला चिकटून, त्याच्या बरगडीवर सगळं अंग टाकून बसली होती, आणि उजवा पाय वर. एकेक पोट्टं येऊन हलवत होतं. सावजी दगडासारखा उभा, कान मागे, जबडा घट्ट. सहा जणांचं झालं. सातव्याच्या वेळी समोरच्या भिंतीवर मांजर आलं, सावजी निघून गेला, आणि ती बदकन आडवी झाली. सातवा पोट्टा म्हणाला, "माझं राहिलं ना काकू!"